शिक्षणाची शिल्लक

अमेरिकेतील पोलाद-उद्योगाचे धनी अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली १ कोटी डॉलरची एक देणगी दिली. हेतू अगदी साधा होता. महाविद्यालयांतून आयुष्यभर अध्यापन केलेल्या प्राध्यापकांच्या वाट्यास म्हातारपणी हालअपेष्टा येऊ नयेत, एतदर्थ त्यांना निवृत्तिवेतन मिळावे. देणगीच्या विनियोगासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याच्या विश्वस्तांपुढे पहिलाच प्रश्न उभा राहिला तो असा, की 'महाविद्यालय' म्हणावयाचे तरी कशाला? त्या काळी त्या देशात कित्येक शाळा महाविद्यालयाचे नाव मिरवीत, आणि कित्येक महाविद्यालये शाळेतलेच शिक्षण देत. पैसा कोणाच्या पदरी घालावयाचा हे ठरविण्यास काहीतरी माप हवे होते.

विश्वस्तांना ते माप घड्याळात सापडले. एखादा शालेय विषय वर्षभर शिकविला गेला आणि त्याचे वर्गातील अध्यापन १२० तास भरले, म्हणजे ते एक 'एकक' झाले. अशी १४ एकके पुरी केलेल्या विद्यार्थ्यासच जी संस्था प्रवेश देईल, ती महाविद्यालय समजावयाची, असे ठरले. निवृत्तिवेतनाच्या आशेने संस्थांनी हे माप भराभर स्वीकारले, आणि महाविद्यालयांनी ते मागितले म्हणून शाळांनाही आपले वेळापत्रक त्याच साच्यात बसवावे लागले. शिक्षणव्यवस्थेतील एवढा मोठा फेरबदल इतक्या आडवाटेने क्वचितच घडून आला असेल.

उच्च शिक्षणात याच कल्पनेचे दुसरे रूप रुळत होते. हार्वर्ड विद्यापीठाचे चार्ल्स एलियट हे १८६९ पासून १९०९ पर्यंत, म्हणजे तब्बल ४० वर्षे, अध्यक्षपदी होते. सर्वांनी ठराविक ग्रंथ ठराविक क्रमाने शिकावयाचे ही जुनी रीत मोडून विद्यार्थ्यास आपले विषय निवडू द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. परंतु एक विद्यार्थी ग्रीक व इतिहास घेतो, दुसरा रसायन व गणित घेतो, तर दोघेही पदवीस सारखेच पात्र झाले हे ओळखावयाचे कसे? विषय निरनिराळे असले तरी घातलेले श्रम मोजता येतील, असे यावर उत्तर निघाले. आठवड्यास वर्गातला एक तास, त्याच्या जोडीला घरचा सुमारे दोन तासांचा अभ्यास, आणि हे सबंध सत्रभर केले, की पदरी एक श्रेयांक पडला. महाविद्यालयांत आज सर्रास ज्याला 'क्रेडिट' म्हणतात तो हाच. १९१० मध्ये मॉरिस कुक नावाच्या एका अभियंत्याने कार्नेगी प्रतिष्ठानासाठी अहवाल लिहिला, तेव्हा कारखान्यातील उत्पादन मोजावे तसे महाविद्यालयाचे काम 'विद्यार्थी-तासा'त मोजावे असे त्याने सुचविले. प्राध्यापकमंडळींस ते फारसे रुचले नाही, यात नवल ते काय!

या मापाचा दोष उघड आहे. वर्गात बसल्याचे तास मोजून विद्या मोजणे म्हणजे ग्रंथ तागडीत घालून त्याची विद्वत्ता ठरविण्यासारखे आहे. खुद्द कार्नेगी प्रतिष्ठानाने २०१५ मध्ये आपल्या या शतायुषी एककाचे परीक्षण प्रसिद्ध केले, आणि प्रत्यक्ष किती शिकणे झाले हे दाखविण्याचे काम त्याच्याकडून होत नाही, हे मान्य केले. तरीही ते टाकून द्यावे असे प्रतिष्ठानास वाटले नाही. त्याचे कारण असे, की श्रेयांकाने एक मोलाची गोष्ट साधली आहे. त्याने पदवीचे तुकडे करता येतील अशी सोय केली. ज्याचे तुकडे होतात त्याची साठवण करता येते, ते अर्धे ठेवून जाता येते, पुन्हा येऊन उरलेले पुरे करता येते, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी नेताही येते.

अखंड पदवी

भारतात मुंबई, कलकत्ता व मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकविण्याचे काम महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्या, अशी ती योजना होती. या पद्धतीत पदवी अखंड असते. टर्म भरावयाच्या, वर्षाअखेरीस परीक्षेस बसावयाचे, आणि शेवटची परीक्षा उतरली की पदवीधर व्हावयाचे. तीन वर्षांपैकी दोन उत्तम रीतीने पार पडली आणि तिसरे काही कारणाने हुकले, तर त्या दोन वर्षांचे मोल व्यवहारात जवळजवळ शून्य. 'बी. ए. नापास' हा शब्दप्रयोग याच व्यवस्थेची देणगी होय. जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्या समाजाने न मिळालेल्या पदवीचा एवढ्या गंभीरपणे उल्लेख केला असेल असे वाटत नाही. पण त्या उल्लेखामागे एक रास्त मागणीही होती. काहीतरी शिकणे झाले आहे, त्याची कोठेतरी नोंद असावी, ही ती मागणी.

शिक्षण मध्येच सुटणारे विद्यार्थी नेहमीच आळशी वा मंदबुद्धी असतात असे नाही. घरातील कर्ता पुरुष जातो आणि थोरल्या मुलास नोकरी धरावी लागते. दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचे लग्न ठरते व ती परप्रांती जाते. रेल्वेतील वा सैन्यातील वडिलांची बदली होते. अशा विद्यार्थ्याने नव्या गावी शिक्षण पुढे चालू ठेवावयाचे ठरविले, म्हणजे कागदपत्रांची यात्रा सुरू होई. जुन्या विद्यापीठाचे मायग्रेशन सर्टिफिकेट, नव्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती, आणि एवढे करूनही अभ्यासक्रम जुळत नाही असे उत्तर. समजा, एका विद्यापीठात सेंद्रिय रसायन पहिल्या वर्षी आहे आणि दुसऱ्यात ते दुसऱ्या वर्षी आहे. अशा वेळी पहिल्यातून दुसऱ्यात गेलेला विद्यार्थी तेच रसायन दोनदा शिकावयाचा आणि भौतिक रसायनाचा एखादा महत्त्वाचा भाग मात्र त्याच्या हातून कायमचा निसटावयाचा. बहुतेकांस पुन्हा पहिल्या पायरीपासून प्रारंभ करणेच भाग पडे. जे तसे करू शकत नसत ते शिक्षणास कायमचा रामराम ठोकीत.

श्रेयांकाची पद्धत भारतास अगदीच अपरिचित होती असे नव्हे. अमेरिकेतील भू-अनुदान विद्यापीठांच्या धर्तीवर पंतनगर येथे १९६० मध्ये देशातील पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. कानपूरची तंत्रज्ञान संस्था नऊ अमेरिकन विद्यापीठांच्या साहाय्याने वाढली, आणि सत्र, श्रेयांक व अंतर्गत मूल्यमापन ही त्रयी तेथे रुजली. परंतु तेथील श्रेयांक त्या संस्थेच्या फाटकाबाहेर चालत नसे. जत्रेतल्या कुपनाची गत तशी याची गत. मांडवात किंमत, बाहेर कागद.

खरा पालट घडविला तो दूरशिक्षणाने. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचे वर्ग सुरू केले. त्यानंतर २० वर्षांनी हैदराबादला देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ मध्ये दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. येथे वर्गच नाही, तर वर्गातले तास मोजावयाचे कोठून? म्हणून मापच बदलावे लागले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या ३० तासांच्या अभ्यासाइतके काम असे धरले. पाठ्यपुस्तक वाचणे, ध्वनिफीत ऐकणे, संपर्कवर्गास जाणे, स्वाध्याय लिहिणे, हे सारे त्या ३० तासांत आले. गोष्ट किरकोळ दिसते, तथापि तिचे परिणाम दूरगामी आहेत. पूर्वीचा श्रेयांक शिक्षकाच्या तासावर उभा होता, हा शिकणाऱ्याच्या तासावर उभा राहिला. रात्रपाळी करून आलेला कामगार पहाटे दोन तास वाचतो, ते दोन तासही आता हिशेबात धरण्याजोगे झाले.

आधी करार, मग प्रवास

युरोपातील देशांनी १९८७ मध्ये 'इरॅस्मस' नावाची योजना काढली. एका देशाच्या विद्यार्थ्याने काही महिने दुसऱ्या देशाच्या विद्यापीठात शिकावे, हा तिचा उद्देश. विद्यार्थी आनंदाने गेले. परत आल्यावर मात्र प्रश्न निघाला. म्युनिकच्या विद्यार्थ्याने बोलोन्यास जे शिकून घेतले, ते म्युनिकने मानावयाचे की नाही? १९८९ मध्ये यावर एक प्रयोग सुरू झाला. १४५ संस्था आणि पाच विषय निवडण्यात आले : व्यवसायप्रशासन, रसायनशास्त्र, इतिहास, यंत्र-अभियांत्रिकी व वैद्यक. एका वर्षाच्या पूर्ण वेळ अभ्यासास सर्वांनी ६० श्रेयांक मानावे, हे पहिले ठरले. दुसरे ठरले ते अधिक शहाणपणाचे होते. विद्यार्थी निघण्यापूर्वीच तो, त्याचे विद्यापीठ व यजमान विद्यापीठ या तिघांनी एका करारावर सह्या करावयाच्या. कोणते विषय तो तेथे शिकणार आणि परतल्यावर येथे त्यांची नोंद कशी होणार, हे त्यात आधीच लिहिलेले असावयाचे. वाद नंतर मिटविण्यापेक्षा तो निघूच न देणे बरे, हा व्यवहार त्यात होता.

१९९७ च्या एप्रिलमध्ये लिस्बन येथे युरोप परिषद व युनेस्को यांच्या पुढाकाराने एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातील एक कलम तर या साऱ्या विषयाचा गाभाच म्हणावे लागेल. परदेशी घेतलेले शिक्षण नाकारावयाचे असेल, तर दोन्ही शिक्षणांत भरीव फरक आहे हे नाकारणाऱ्याने सिद्ध करावयाचे. पूर्वी विद्यार्थ्यास सिद्ध करावे लागे की आपले शिक्षण त्यांच्या तोडीचे आहे. म्हणजे पुराव्याचे ओझे विद्यार्थ्याच्या खांद्यावरून उतरवून ते संस्थेच्या खांद्यावर ठेवण्यात आले. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, २९ देशांच्या मंत्र्यांनी बोलोन्या येथे जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि श्रेयांकांची ही पद्धत युरोपातील उच्च शिक्षणाची सर्वसाधारण भाषा बनली.

येथे गणिताची आवड असणाऱ्या वाचकाने थोडी आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. युरोपात एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचे काम, म्हणजे वर्षाच्या ६० श्रेयांकांस १५०० ते १८०० तास होतात. ब्रिटनमध्ये एक श्रेयांक १० तासांचा व वर्षाचे श्रेयांक १२०, म्हणजे १२०० तास. आता ब्रिटनचे दोन श्रेयांक बरोबर युरोपचा एक श्रेयांक, असा विनिमयाचा दर सर्वमान्य आहे. तासांच्या भाषेत पाहिले तर २० तास देऊन २५ ते ३० तास मिळविण्याचा हा व्यवहार झाला! हिशेबनिसाने ही वही मंजूर केली नसती. तरीही व्यवहार सुरळीत चालतो, कारण तो तासास तास असा नसून वर्षास वर्ष असा आहे. ब्रिटनमधील तीन वर्षांचा पदवीधर व जर्मनीतील तीन वर्षांचा पदवीधर हे सारख्या योग्यतेचे आहेत, असे दोन्हीकडच्या विद्यापीठांनी मानले आहे, आणि आकडे त्या मान्यतेच्या मागून आले आहेत. जेथे परस्परांच्या अध्यापनावर भरवसा आहे तेथे मापातली तफावत खपून जाते. जेथे भरवसा नाही तेथे दशांशापर्यंत जुळणारे मापही उपयोगी पडत नाही.

कोरियाची बँक

ज्यास 'बँक' हे नाव खरोखर शोभेल अशी संस्था दक्षिण कोरियात निघाली. राष्ट्राध्यक्षांच्या शिक्षणसुधारणा आयोगाने १९९५ मध्ये तिची कल्पना मांडली, १९९७ मध्ये कायदा झाला आणि १९९८ पासून कामास प्रारंभ झाला. कोरियात विद्यापीठात प्रवेश मिळविण्याची चढाओढ किती जीवघेणी आहे हे सर्वश्रुत आहे. त्या परीक्षेत एकदा मागे पडलेल्यास आयुष्यभर पदवीचा दरवाजा बंद, ही स्थिती बदलावी हा या योजनेमागील विचार होता.

या योजनेखाली मान्यताप्राप्त शिक्षणकेंद्रातला अभ्यासक्रम, विद्यापीठातील अर्धवेळ वर्ग, तांत्रिक कसबाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र, स्वयंअध्ययनाने दिलेली परीक्षा, अशा नाना वाटांनी श्रेयांक जमा होतात. इतकेच काय, राष्ट्राने जतन करण्याजोग्या मानलेल्या परंपरागत कलांचे जे अधिकृत वारसदार आहेत, त्यांना त्या साधनेबद्दलही श्रेयांक मिळतात. वाद्य वाजविणाऱ्या वा कुंभारकाम करणाऱ्या हातांची विद्या गणित-इतिहासाच्या पंक्तीस बसविणारी ही तरतूद वाचून कोणाही भारतीयाच्या मनात आपल्याकडील घराण्यांचा व कारागिरांचा विचार आल्याखेरीज राहणार नाही. दोन वर्षांच्या पदवीस ८० आणि चार वर्षांच्या पदवीस १४० श्रेयांक लागतात. ते भरले की पदवी मिळते, आणि विद्यार्थी कोणत्याही एका विद्यापीठाचा नसला तर शिक्षणमंत्र्यांच्या नावे ती दिली जाते. पदवी कोणाच्या घरची, हा प्रश्न कोरियाने असा सोडविला.

भारतातील खाते

भारत सरकारचे नवे शिक्षणधोरण २०२० च्या जुलैत जाहीर झाले आणि पुढील वर्षी, २८ जुलै २०२१ रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक श्रेयांक बँकेचे नियम प्रसृत केले. या बँकेत विद्यार्थ्याचे खाते असते व त्यास १२ अंकी क्रमांक असतो. विद्यार्थी ज्या संस्थेत शिकला ती संस्था त्याचे श्रेयांक त्या खात्यात जमा करते. विद्यार्थ्यास स्वतः जाऊन कागद जमा करता येत नाही. बँक ते फक्त संस्थेकडूनच घेते. बनावट गुणपत्रिकांच्या देशात ही दक्षता योग्यच होय. पुढे पदवी, पदविका वा प्रमाणपत्र घ्यावयाचे झाले, म्हणजे लागतील तेवढे श्रेयांक खात्यातून वजा होतात आणि एकदा वटविलेला श्रेयांक पुन्हा वटत नाही.

प्रमाण असे आहे : वर्षास १२०० तासांचे अध्ययन, त्याचे ४० श्रेयांक, म्हणजे एका श्रेयांकास ३० तास. एक वर्ष पुरे करून ४० श्रेयांकांवर थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, ८० वर पदविका, १२० वर तीन वर्षांची पदवी आणि १६० वर चार वर्षांची. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडणाऱ्याने उन्हाळ्याच्या सुटीत ४ श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रमही पुरा करावयाचा असतो. एखादे कौशल्य हाती देऊनच त्यास निरोप द्यावा, हा त्यातील हेतू दिसतो.

आता एका कल्पित विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. रसायन विषय घेऊन तिने विज्ञानशाखेची दोन वर्षे पुरी केली. खात्यावर ८० श्रेयांक जमा झाले. घरच्या अडचणीमुळे ती पदविका घेऊन बाहेर पडली आणि पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी करू लागली. तेथे क्लोरिन, फ्लोराइड, नायट्रेट यांची मोजणी ती रोज करते. दोन वर्षांनी परिस्थिती सुधारली व तिने पदवी पुरी करावयाचे ठरविले. जुन्याच विद्यापीठात गेली तर हिशेब सरळ आहे. ४० श्रेयांक आणखी मिळविले की काम झाले. पण दरम्यान ती दुसऱ्या राज्यात राहावयास गेली असेल तर? नियम असा, की जी संस्था पदवी देणार तिच्याकडून निदान निम्मे श्रेयांक मिळविलेले असले पाहिजेत. १२० चे निम्मे ६०. नियमाचा शब्दशः अर्थ लावला, तर तिच्या खात्यातील ८० पैकी ६० च नव्या ठिकाणी चालतील आणि ४० च्या ऐवजी ६० नव्याने मिळवावे लागतील. २० श्रेयांकांचा, म्हणजे ६०० तासांचा, अर्ध्या वर्षाचा हा भुर्दंड केवळ गाव बदलल्याचा आहे.

नियमाची बाजूही समजून घेतली पाहिजे. आपल्या नावाचा शिक्का ज्या पदवीवर उमटावयाचा, तिच्यासाठी निदान अर्धे अध्यापन आपण केलेले असावे, असे विद्यापीठास वाटणे स्वाभाविक आहे. लौकिक हेच विद्यापीठाचे भांडवल. परंतु तिसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्यास ही अट जाचक होते यात शंका नाही, आणि बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना ती सर्वांत अधिक जाचावयाची.

दुसरी अडचण मुदतीची आहे. जमा श्रेयांक अधिकांत अधिक सात वर्षे टिकतात. पदवीपूर्व अभ्यासक्रमातून मध्येच बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करावी, असे आयोगाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात म्हटले आहे. आता अनुवंशशास्त्र वा संगणकशास्त्र सात वर्षांत जुने होते, हे खरे. पण युक्लिडची भूमिती सात वर्षांत शिळी होत नाही, आणि पाण्यातील क्लोरिन मोजणाऱ्या मुलीचे विश्लेषणात्मक रसायन रोजच्या सरावाने उलट पक्के होत जाते. सर्व विषयांस एकच मुदत लावणे सोयीचे असले तरी शास्त्रीय नाही. शिवाय मूल लहान आहे, सासरे अंथरुणाला खिळले आहेत, कर्ज फिटावयाचे आहे, ही कारणे तीन वर्षांच्या बेताने संपत नसतात. आजीवन शिक्षण हे ब्रीद आणि सात वर्षांची शिल्लक यांचा मेळ अद्याप बसावयाचा आहे.

त्या मुलीने प्रयोगशाळेत नोकरी करताना जे आत्मसात केले त्याचे काय, हा तिसरा प्रश्न. दक्षिण आफ्रिकेने १९९५ मध्ये राष्ट्रीय पात्रता-आराखड्याचा कायदा केला, तेव्हा पूर्वार्जित ज्ञानास मान्यता देणे हे त्याच्या उद्दिष्टांशी निगडित होते. वर्णभेदाच्या राजवटीने ज्यांना शाळेबाहेर ठेवले, ते खाणीत व कारखान्यात पुष्कळ शिकले होते, आणि त्याची दखल घेणे ही न्यायाचीच बाब होती. भारतातही २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शाळा, महाविद्यालय, व्यवसायशिक्षण व अनुभव या सर्वांना एकाच मोजपट्टीवर आणावयाचे ठरविले आहे. अनुभव श्रेयांकात उतरवावयाचा तर तो तपासावा लागतो. तपासण्यास परीक्षक, उपकरणे व वेळ लागतो. नोकरीचा दाखला पाहून श्रेयांक वाटले तर ते कोणीच मानणार नाही. हातात ब्युरेट देऊन अनुमापन करावयास सांगितले, तर दहा मिनिटांत समजते की कसब आहे की नाही. विज्ञानशाखेला ही एक सोय आहे.

दूरस्थ अभ्यासक्रमांची बाब थोडी निराळी आहे. सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'स्वयम्' या व्यवस्थेवरील अभ्यासक्रमांना २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत स्थान देता येते. पूर्वी ही मर्यादा २० टक्के होती. व्याख्याने अशा रीतीने दूरवर पोचतात, परंतु प्रयोगशाळा तारेवरून पाठविता येत नाही. आडगावच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा शेजारच्या तालुक्यातील विद्यार्थ्यास सुटीत उघडून दिली, तर प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकांचा मोठा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

मान्य, पण निरुपयोगी

यंत्रणा उभी राहिली म्हणजे हस्तांतरण आपोआप होते, हा समज मात्र अमेरिकेच्या अनुभवाने खोटा ठरविला आहे. श्रेयांकांचा शतकाचा अनुभव असलेल्या त्या देशात सरकारी लेखा-कार्यालयाने २०१७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २००४ ते २००९ या काळात ज्या विद्यार्थ्यांनी संस्था बदलली, त्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाटेत गळाले असा तिचा अंदाज आहे. ही गळती नेहमीच उघड नकाराने होत नाही. पुष्कळदा नवी संस्था श्रेयांक घेते, परंतु मुख्य विषयाकडे ते धरीत नाही; ऐच्छिक म्हणून एका बाजूस टाकते. विद्यार्थ्याच्या कागदावर श्रेयांक दिसतात, पदवी मात्र एक पाऊलही जवळ येत नाही. जेथे दोन संस्थांनी आधीच बसून विषयाशी विषय जुळवून ठेवले होते, तेथे ही नासाडी टाळण्याचा मार्ग होता. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये केलेल्या योजनेत स्थानिक महाविद्यालयातील दोन वर्षांनंतर राज्याच्या विद्यापीठात जाण्याची वाट मुळातच आखून दिली होती, ती याच कारणाने.

हे विषय जुळविण्याचे काम भारतात प्रत्येक विद्यापीठाच्या अभ्यासमंडळास करावे लागणार आहे, आणि ते संगणकाकडून होण्यासारखे नाही. 'रसायनशास्त्र २, ४ श्रेयांक' एवढ्या नोंदीवरून तिकडच्या प्राध्यापकास काहीच बोध होत नाही. त्यात कोणती प्रकरणे होती, कोणते प्रयोग झाले, किती तास झाले, हे त्यास पाहावयाचे असते. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतात, व जुन्या पुस्तिका महाविद्यालयाच्या कपाटातून रद्दीत जातात. सहा वर्षांनी परतलेल्या विद्यार्थ्यास नेमकी तीच पुस्तिका हवी असते. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने सत्र संपताच आपल्या खात्यात श्रेयांक जमा झाले की नाही हे पाहावे, नसल्यास महाविद्यालयाच्या कार्यालयात तेव्हाच विचारणा करावी, आणि त्या वर्षीच्या छापील अभ्यासक्रमाची व प्रयोगवहीची एक प्रत जपून ठेवावी. जिल्हा ग्रंथालयांना जवळच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रम-पुस्तिका वर्षवार लावून ठेवता येतील. त्यास एका फळीहून अधिक जागा लागणार नाही.